मथुरावैनींनी कुणाला सांगितलं?

आमच्या लोहाऱ्यात लिंबाजीआण्णांइतका शक्की माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर पण सांगत आलोय. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, समोर त्यांची पिठाची गिरणी आणि गिरणीच्या मागंच घर. मधी रस्ता, तो पण असला की दोन जीपा समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरकावं लागतं. माझे अब्बा दादामियाँ दुकान चालवायचे तेव्हापासून मी ह्या माणसाला बघतोय. एकोणतीस वर्षं झाली.

गिरणीची मोटार जळली की आण्णा ती दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवणार नाहीत. स्वतः घेऊन येणार, माझ्या स्टुलावर बसणार आणि मी जुनी तार सोडवायला लागलो की डोळ्याची पापणी न हलवता बघत राहणार. बेअरिंगवर घरूनच खिळ्यानं खूण करून आणलेली. परत नेताना ती खूण शोधणार. एकदा माझं टाळकं सटकलं. म्हणालो, "आण्णा, तुमचं बेअरिंग चोरून मी काय पोरीच्या जहेजमधी देणार हाय का?"

"तसं न्हाय रे तौसिफ," आण्णा म्हणाले, "पर बघितलेलं बरं."

बघितलेलं बरं, हे त्यांचं रोजचं. दूधवाल्यानं दूध घातलं की बोट बुडवून बघितलेलं बरं. मीटरचं रीडिंग घेणारा आला की त्याच्या मागं चवड्यावर उभं राहून बघितलेलं बरं. ज्वारीचा डबा बाईच्या देखत तोलायचा, पीठ पण तिच्या देखत तोलायचं, म्हणजे उद्या तिनं म्हणू नये. माझी बायको फरहाना तर म्हणते, ह्या माणसाला जन्नतमधी नेलं तर आधी दाराची कडी हलवून बघंल.

आणि ह्या सगळ्याखाली मथुरावैनी सापडलेल्या. आण्णा पट्टा, मोटार, वजन बघायचे. जात्यापाशी दिवसभर वैनीच. भुवयांपर्यंत पीठ. बाई तशी गरीब नाही हां, एक ऐकलं की दोन ऐकवणारी. पण आण्णा तिलाही सोडत नव्हते. अमकीचं दळण आधी का घेतलं, तमक्याशी इतकं काय बोलत होतीस, फोन कुणाचा होता. तीस वर्षांचा संसार निम्मा तर असल्या चौकशीतच गेला असंल.

आता नाटकाचं सांगतो, कारण खरी आग तिथं लागली.

आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं सातव्या दिवशी नाटक होतं. दिवेलागणीलाच सुरू करतात. ह्या वर्षी नाटक लिहिलं अयोध्यानं. गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून तिचं घर. पोरगी शाळेत मास्तरीण आहे, तिशीला आली, हुशार आहे. नाटकाचं नाव 'बिनबोलाचा संसार'. एक शिंपी आणि त्याची बायको. शिंपी बायकोवर इतका शक घेतो की शेवटी ती बोलणंच टाकते. शिंप्याचं काम मोबाईल दुकानवाल्या रणधीरनं केलं, मिशी लावून.

मी आणि आण्णा शेजारी शेजारी खुर्च्यांवर. वैनी बायकांच्या घोळक्यात, फरहानाजवळ. पहिला अर्धा तास आण्णा लई खूश. रणधीर बायकोची पिशवी उलटी करून बघतो तेव्हा माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय शक्की नवरा दाखवलाय. असं असतंय का कुठं?"

पुढच्या रांगेतला बसप्पा हॉटेलवाला मान खाली घालून खोकायला लागला. सगळी गल्ली ओळखून बसली होती. एकटे आण्णाच तेवढे परक्याचा संसार बघत होते.

मग तो प्रवेश आला. बायकोनं गाठोडं बांधलंय, उद्या माहेरी जाणार. ती चुलीपाशी बसलीय. नवरा मागं येऊन उभा राहतो आणि हळूच म्हणतो, "जाऊ नगं. तू गेल्यावर ह्या घरात माझ्यावर वरडणारं कोण ऱ्हाईल?" नाटकातली बाई वळते, त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवते. पडदा.

टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले. मी बाजूला बघितलं तर आण्णांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. उठले आणि खुर्च्यांच्या रांगेतून लोकांच्या पायांवर पाय देत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोवर आण्णा हजर. स्टुलावर बसले नाहीत. म्हणाले, "ते वाक्य माझं हाय."

"कुठलं?"

"तुला माहीत हाय कुठलं." मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांमागची गोष्ट. वैनींनी भावाला गुपचूप पीठ दिलं असा शक आण्णांनी घेतला, लई तमाशा झाला, आणि वैनी म्हणाल्या, उद्या सोनारीला माहेरी जाते, परत येणार नाही. त्या संध्याकाळी चुलीपाशी जाऊन आण्णांनी ते वाक्य म्हटलं होतं. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. "घरात दोघंच होतो. सृष्टी चार वरसाची, झोपलेली. म्या कुणाला सांगितलं न्हाय. मग ऱ्हायलं कोण? हिनं माझी लाज चारचौघांत मांडली, तौसिफ. स्टेजवर. माईक लावून."

मी वार्निशचा डबा उगीच हलवत राहिलो.

आता तुम्हाला खरं सांगतो, त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते वाक्य मी पण ऐकलं होतं. त्या दिवशी, ह्याच दुकानात, शटर ओढताना. बसप्पानं ऐकलं होतं. भिंतीपलीकडं आठ वर्षांच्या अयोध्यानं ऐकलं होतं. अहो, तीस वर्षं जात्याच्या घरघरीत काढलेली माणसं ही. दोघांच्या कानांत पीठ आणि आवाज सारखाच भरलेला. गिरणी चालू असताना एकमेकांवर ओरडायचं, आणि बंद झाल्यावर घरात पण तसंच. त्यांची कुजबूज म्हणजे आपल्या घरातलं भांडण. गल्लीत नवीन सून आली की सासू तिला दोन गोष्टी आधी सांगते: नळाला पाणी कधी येतं, आणि आण्णांच्या घरात सुरू झालं की टीव्हीचा आवाज वाढवायचा. लोक काही भिंतीला कान लावून बसत नव्हते. उलट ऐकू येऊ नये म्हणून धडपडायचे. पण त्या दोघांना कुणी बोललं नाही. कसं बोलणार? तुमची सगळी आयुष्यभराची भांडणं, रडणी, औषधं, पोटाच्या तक्रारी आम्हाला पाठ आहेत, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? वर्षं गेली तसं ते आणखी अवघड होत गेलं.

म्हणून मी म्हणालो, "आण्णा, अयोध्यानं मनानं लिहिलं असंल."

"जशाच्या तसं? एक शब्द इकडं तिकडं न्हाय?" आण्णा माझ्याकडं बघायला लागले. "तू का तिची बाजू घेतूस?"

झालं. मी पण यादीत.

त्या दिवसापासून त्यांनी घरचं जेवण सोडलं. सकाळी बसप्पाच्या हॉटेलात चुरमुऱ्यांचा सुशीला खायचा, दुपारी भजी. वैनींशी बोलणं बंद. अयोध्या बिचारी हात जोडून गेली, म्हणाली, काका, मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलं होतं, मला ते लई आवडलं होतं म्हणून घेतलं. आण्णा म्हणाले, "हे तुला मथुरानंच शिकवून पाठवलं. भिंत अठरा इंची हाय. म्या बांधलीय." पोरगी रडत परत गेली.

पाचव्या दिवशी आण्णांनी सापळा लावला. मला त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, साक्षीदार म्हणून. वैनींना एक खोटी गुपित गोष्ट सांगायची. फक्त त्यांनाच. ती बाहेर आली, म्हणजे चोर घरातच.

सकाळी सात वाजता मी दुकान झाडत होतो. गिरणी बंद. समोरच्या घरातून आण्णांचा आवाज आला, त्यांच्या हिशोबानं एकदम दबका: "ऐक. कुणाला बोलू नगं. डागदरनं मला साखर सांगितलीय." शेजारच्या हॉटेलात बसप्पा स्टोव्ह पेटवत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. सापळा मला कळत होता, बसप्पाला नव्हता. मी त्याला खुणावणार तोवर तो आत गेला. चुकलंच माझं ते, मागं धावायला पाहिजे होतं.

अकराच्या चहाला बसप्पा स्वतः ग्लास घेऊन गिरणीत गेला. माणूस मायाळू. आण्णांनी एक घोट घेतला. मग ग्लास तसाच हातात धरून रस्ता ओलांडून माझ्याकडं आले.

"पिऊन बघ."

मी प्यालो. बिनसाखरेचा.

"चार तास," आण्णा म्हणाले. "चार तास सुदिक पोटात ठिवता आलं न्हाय तिला." आणि तुम्हाला वाटंल ते जिंकल्यासारखे दिसत असतील, तर नाही. घरात कुणी वारल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

त्यांनी तिथूनच सृष्टीला फोन लावला. पोरगी येरमाळ्याला दिलीय, जावयाचं हायवेला टायरचं दुकान आहे. "ये आणि तुझ्या आईला घेऊन जा," म्हणाले. "कायमची. तिचा माझा इश्वास संपला." वैनींनी विचारलं, केलं काय म्या? आण्णांनी सांगितलं. वैनी म्हणाल्या, "म्या कुणाला काय बी सांगितलं न्हाय." एकदाच म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हटलं नाही, तसला स्वभाव नाही त्यांचा. पिशवी भरायला घेतली आणि फरहानाला म्हणाल्या, "इतकी वरसं पीठ खाल्लं नाकातोंडानं. आता येरमाळ्याची हवा खाते."

त्या रात्री फरहानानं मला ताटावरच झापलं. "एका बेकसूर बाईला घरातून काढतायत, आणि तुम्ही तारा गुंडाळत बसा. तुम्ही सांगता की मी जाऊ?"

सृष्टी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. लाईट गेलेली, गल्ली सगळी गप्प. जीप माझ्या दुकानासमोरच भरते, म्हणून मायलेकी माझ्या बाकड्यावर येऊन बसल्या. वैनींच्या मांडीवर पिशवी. जीपमधी चारच माणसं होती, अजून सहा भरायची होती. मी पक्कड खाली ठेवली आणि रस्ता ओलांडला.

आण्णा जात्यापाशी नुसतेच बसले होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगून टाकलं. गल्ली ऐकते. पहिल्यापासून ऐकते. बसप्पानं साखरेचं ऐकलं ते तुमच्या तोंडून ऐकलं. मी पण ऐकलं. टीव्हीचं पण सांगितलं.

आण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बोल म्हणून तिनं सांगितलं व्हय तुला?"

मला असा राग आला की जात्याचा पट्टा काढून फेकावा वाटला. म्हणालो, "आण्णा, वैनी तिकडं बसल्यात, बाहेर. घरात कुणी नाही. तुम्ही आत जा, दार लावा आणि एकदम हळू आवाजात काय वाटंल ते बोला. मी माझ्या दुकानात बसून लिहितो. अक्षर चुकलं तर वैनींना खुशाल पाठवा, आणि मला पण गल्लीतनं हाकला."

त्यांना ते पटलं, पण लिंबाजीआण्णाच ते. माझा मोबाईल काढून घेतला, सृष्टीचा पण मागवून घेतला. म्हणाले, "म्या आधी कागदावर लिहितो, खिशात ठिवतो. मग तेच बोलतो. मग दोन्ही कागद लावून बघायचे." दळणाच्या पावत्यांचा एक कागद घेऊन भिंतीकडं तोंड करून बराच वेळ लिहीत राहिले. मग आत गेले. दार लावल्याचा आवाज आला, खिडक्या लावल्याचा आला, आतल्या खोलीचं दार लावल्याचा पण आला.

मी दुकानात येऊन पावतीच्या पाठीवर पेन टेकवलं. सृष्टी माझ्या खांद्यावरून बघत होती. वैनींना काय चाललंय ते माहीत नव्हतं, त्या जीपकडं बघत होत्या.

आवाज आला. सावकाश, स्पष्ट, जसा रोज येतो तसा. मी लिहीत गेलो.

"मथुरा. नाटकातली बाई वळली. तू वळली न्हाईस. म्या तीनदा म्हणलो, जाऊ नगं. तू चुलीकडं तोंड करून भाकरी थापत ऱ्हायलीस. जाब सुदिक दिला न्हाईस. सकाळी पोरीला ताप आला म्हणून थांबलीस, माझ्यासाठी थांबली न्हाईस. बावीस वरसं झाली. तवापासनं रोज वाटतंय, ही कवा तरी जाणार. तुझ्यावर पाळत ठिवतो ती म्हणून."

बसप्पा हॉटेलाच्या दारात येऊन उभा राहिला होता. पुढं काही आवाज आला नाही.

"काय झालं?" वैनींनी विचारलं. "कोण काय म्हणलं?"

जीपपर्यंत आलेला नवऱ्याचा आवाज त्यांना आला नव्हता. सृष्टीनं माझ्या हातातला कागद घेतला आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं वाचून दाखवला.

वैनींनी कागदाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "कवा म्हणले हे मला?"

"त्याच दिवशी, आई. चुलीपाशी. तीनदा."

"मला न्हाय ऐकू आलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमाला आलतं, भाऊ?"

मी होय म्हणून मान हलवली. बसप्पाकडं बघितलं, त्यानं पण हलवली. माझ्यात वर बघायचा धीर नव्हता.

"नाटकात ऐकलं तवा मला रडू आलं," वैनी म्हणाल्या. "वाटलं, असं बोलणारा नवरा नाटकातच असतोय. सगळ्या गल्लीला म्हाईत, आन् मलाच तेवढं न्हाय."

समोरचं दार उघडलं. आण्णा आले, खिशातला कागद हातात धरून. सृष्टीकडून माझा कागद घेतला. दोन्ही शेजारी धरून बोट फिरवत वाचले, शेवटपर्यंत. मग परत पहिल्यापासून. त्यांचे ओठ हलत होते. वाचून झालं तसे माझ्या पायरीवर खाली बसले. इतकी वर्षं गल्ली काय काय ऐकत आली असंल ते त्यांच्या तोंडावर एकेक करून दिसत होतं, आणि मला त्यांची इतकी दया आली की रागच गेला.

"आवो," वैनी म्हणाल्या, "मला ऐकू आलं नव्हतं. आलं असतं तर वळले असते की."

आण्णांनी वर बघितलं. आणि म्हणाले काय, तर, "खरंच आलं नव्हतं, का आता म्हणतीस?"

देवाशप्पथ सांगतो, माझ्या हातात मोटार ठोकायची मोगरी असती तर मी घातली असती. सृष्टीनं कपाळाला हात लावला. पण वैनी चिडल्या नाहीत. त्यांनी पदर मागं सारला, उजवा कान त्यांच्याकडं केला, जरा बरा आहे तो, आणि म्हणाल्या, "परत म्हणून बघा."

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. माणसं भरली होती. आण्णांनी आजूबाजूला बघितलं. बसप्पा दारात, फरहाना खिडकीत, अयोध्या भिंतीच्या कोपऱ्याला, आणखी किती तरी. कुणी आत गेलं नाही. त्यांना आता माहीत होतं की ते जे बोलतील ते सगळ्यांना ऐकू जाणार आहे.

ते पायरीवरून उठले, वाकले आणि वैनींच्या कानात म्हणाले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्यावर वरडणारं कोण ऱ्हाईल इथवर सगळं.

वैनींनी नीट ऐकून घेतलं. मग वळल्या आणि मांडीवरची पिशवी आण्णांच्या हातात देऊन पोरीला म्हणाल्या, "सृष्टे, तू जा बाई. जीप भरली."